उंच पाइपावरची छत्री: घाटंजी तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

दिवसभर टीव्ही ठीक चालायचा आणि संध्याकाळच्या बातम्या लागल्या की जायचा. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा तरी. टीव्हीच्या छत्र्या, म्हणजे डिश अँटेना, बसवायचं-दुरुस्तीचं काम माझं; यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका लहान गावातून हा फोन मला जूनच्या अखेरीस आला. बोलत होते ते गुरुजी, जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवून निवृत्त झालेले. म्हणाले, "आभाळ भरलं का टीव्ही जाते जी. पाऊस पडो का नाही पडो." यातलं शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं नाही. ऐकलं असतं तर माझी एक फेरी आणि त्यांचे दहा दिवस वाचले असते.

घरात दोघंच, गुरुजी आणि काकू. मुलगा पुण्याला. चार एकर वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर. पेरणी होऊन आठवडा झाला होता आणि पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणीची पाळी, हा घोर आपल्याकडे प्रत्येक घरात असतो. गावात मोबाइलला कशीबशी एक काडी रेंज, तीही दारात उभं राहिलं तर. म्हणून संध्याकाळी हवामानाचा अंदाज ऐकायचा तो टीव्हीवरच. ज्या दिवशी आभाळ भरून येतं त्याच दिवशी अंदाज ऐकायला मिळत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. मालिका बुडाल्याची तक्रार काकूंनी एकदाही केली नाही.

टीव्ही फ्री डिशवर चालतो. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. तिला महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे आमच्या भागातल्या गावोगावच्या छपरांवर तिच्याच छत्र्या दिसतात. गुरुजींच्या घरी दोन वर्षांत बॉक्स एकदा बदलला होता, एलएनबी, म्हणजे छत्रीच्या तोंडापुढचा सिग्नल टिपणारा भाग, दोनदा. एकानं सांगितलं, मोठी छत्री घ्या. दुसऱ्यानं अंगणातल्या कडुनिंबाकडे बोट दाखवलं आणि फांद्या तोडायला सांगितलं. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की पावसाळ्यात असं होणारच.

मी गेलो तेव्हा आधी छपराकडे पाहिलं. टिनाचं छप्पर, त्याच्या पश्चिम कोपऱ्याला भिंतीशी क्लॅम्प मारून उभा केलेला इंचाचा जीआय पाइप, छपराच्या वर दहा फूट. पाइपाच्या शेंड्याला छत्री आणि तिच्या खाली जुना काड्यांचा अँटेना तसाच. हा पाइप मुळात त्या अँटेनासाठीच लावलेला. लघुशक्ती प्रक्षेपण केंद्राच्या टॉवरकडे तोंड करून त्यानं वर्षानुवर्षं घराला दूरदर्शन दाखवलं. गुरुजींनी अगदी मनापासून विचारलं, "या जुन्या अँटेनालेच नवा डबा जोडला त चालन काय जी? शहरात म्हणे आता छत्रीबिगर डिजिटल दिसते."

त्यांनी ऐकलं होतं त्यात तथ्य होतं. २०१६ मध्ये दूरदर्शननं १६ शहरांत टॉवरवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं. तंत्र डीव्हीबी-टी२. महाराष्ट्रातली त्यातली शहरं दोन, मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद. त्या टॉवरच्या टप्प्यात असाल तर काड्यांचा अँटेना आणि टी२ चालणारा बॉक्स किंवा टीव्ही एवढ्यावर काम होतं. पण टॉवरचा सिग्नल जमिनीला धरून सरळ रेषेत येतो, मुंबईचा घाटंजीपर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. आणि जुनी अॅनालॉग केंद्रं दूरदर्शननं टप्प्याटप्प्यानं बंद केली. मोक्याच्या जागांवरची पन्नासेक सोडून बाकीची सगळी मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं. गुरुजींचा अँटेना धडधाकट होता, ज्याच्याकडे त्याचं तोंड होतं तो टॉवरच आता बोलत नव्हता. मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ वर बघत राहिले. त्या काड्यांनी घरातली किती वर्षं पाहिली असतील!

घोटाळा नेमका इथून सुरू झाला होता. टॉवरच्या काळात उंची हेच सगळं होतं. मधे टेकडी, झाडं, घरं. पाइप जितका वर न्याल तितका टॉवर मोकळा दिसायचा. एकेक फूट चढवून आम्ही चित्रातल्या मुंग्या कमी केलेल्या आहेत, आणि त्या काळात ते बरोबरच होतं. मग छत्री आली आणि तीही त्याच पाइपाच्या शेंड्यावर चढली, उंच तेवढं चांगलं म्हणून. पण फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. छत्री दहा फूट वर नेली काय आणि अंगणात ठेवली काय, त्याला काही फरक पडत नाही. त्याला हवं असतं मोकळं आभाळ आणि न हलणारी छत्री. उंच पाइपावर आभाळ मोकळं मिळतं, पण छत्री स्थिर राहत नाही.

हे मला आज स्वच्छ दिसतं. पहिल्या फेरीत मीही चुकलो. दुपारचे तीन, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. बॉक्सवर सिग्नलची स्ट्रेंग्थ ८५, क्वालिटी ५४, चित्र आरशासारखं. छत्रीचा एक नट ढिला होता तो आवळला, दिशा किंचित सारली, क्वालिटी ६० वर आली आणि मी निघालो. चित्र स्वच्छ होतं म्हणून निघालो.

डिजिटलमध्ये याच गोष्टीनं फसायला होतं. अॅनालॉगमध्ये सिग्नल कमी व्हायला लागला की मुंग्या यायच्या, आवाज खरखरायचा, आठ दिवस आधीच कळायचं की वर काहीतरी बिघडतंय. डिजिटलमध्ये तसं नाही. क्वालिटी ९० असो की ४५, चित्र तेच, रंग तेच. मग एका विशिष्ट आकड्याच्या खाली गेली की चित्राचे चौकोन होतात आणि निळा पडदा. विहिरीच्या काठापासून आपण दहा हातांवर आहोत की दोन बोटांवर, हे चित्र सांगत नाही, क्वालिटीचा आकडा सांगतो. स्ट्रेंग्थच्या पट्टीवर तर अजिबात जाऊ नये. एलएनबी चालू असली आणि केबल जोडलेली असली की ती पट्टी भरलेलीच दिसते, कारण तिच्यात सिग्नलबरोबर नुसता गोंगाटही मोजला जातो.

जाताना एक काम मात्र नीट केलं. गुरुजींना म्हटलं, टीव्ही गेला की लिहून ठेवा: तारीख, वेळ, किती मिनिटं, तेव्हा वारा होता की पाऊस. शिक्षक माणूस, त्यांनी दोनशे पानी वहीत पट्टीनं रकाने आखले. दहा दिवसांनी पुन्हा फोन आला तेव्हा मी आधी वहीतलंच वाचून दाखवायला सांगितलं. सात नोंदी होत्या. त्यातल्या पाचांपुढे 'वारा, पाऊस नाही'. दोनांपुढे 'वारा व पाऊस'. नुसत्या पावसाची एकही नाही.

म्हणून दुसऱ्यांदा मुद्दाम संध्याकाळी गेलो. आभाळ पश्चिमेकडून काळं होत होतं आणि पावसाच्या पुढे पळणारा तो वारा सुटला होता. मी शिडीवर, हात पाइपावर. काकू सपरीत टीव्हीसमोर. मी वरून ओरडून विचारत होतो आणि त्या आतून सांगत होत्या: "आलं... गेलं... गेलंच हाय भाऊ... आलं." झोत आला की माझ्या तळहाताखाली पाइप मागे झुके आणि त्याच घटकेला आतून आवाज यायचा, "गेलं!" झोत ओसरला की "आलं". पंधरा मिनिटं हे चाललं. पावसाचा एक थेंब पडला नव्हता. शेवटी मी पाइपाला दोन्ही हातांनी मिठी मारून घट्ट धरला आणि पुढचे दोन झोत तसेच जाऊ दिले. काकू म्हणाल्या, "आता नाही गेलं जी."

हिशेब असा आहे. दोन फुटी छत्रीची नजर सुमारे तीन अंशांची असते. दिशा दीड अंश चुकली की सिग्नल निम्म्यावर येतो, दोन अंश चुकली की तिसरा हिस्साही धड उरत नाही. आणि बुडाशी पक्का धरलेला दहा फुटांचा पाइप शेंड्याला फक्त तीन इंच हलला तर छत्री दोन अंशांहून थोडी जास्तच कलते. तीन इंच म्हणजे खालून बघणाऱ्याला काहीच नाही. वर वाटीसारखी छत्री वारा भरून घेते आणि खाली काड्यांचा अँटेना त्यात भर घालतो. आमच्याकडे वानरं आहेत ती वेगळीच. एकानं उडी मारली की नट सरकलाच समजा. आभाळ भरलं की टीव्ही जातो, याचा अर्थ इतकाच होता की आभाळ भरून येताना आधी वारा येतो.

मोठी छत्री घेण्याचा सल्ला इथे उलटा पडला असता. मोठ्या छत्रीचा सिग्नल जास्त हे खरं. पण तीन फुटी छत्रीची नजर अरुंद, दोन अंशांच्या आसपास, आणि वारा ती सव्वादोन पट धरते. हलत्या पाइपावर तिचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते. बूड पक्कं असेल आणि तरीही पावसात फार वेळ चित्र जात असेल, तरच मोठ्या छत्रीचा विचार करावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

क्वालिटी मुळातच ६० च्या वर का जात नव्हती, हे बाकी होतं. केबल छपरावरून हातांनी चाचपत उतरलो तर वळचणीखाली एक फुगीर गाठ लागली. काळ्या चिकटपट्टीचे थर, उन्हानं तडकलेले. ब्लेडनं कापले तर आतून थेंबभर पाणी माझ्या बोटावर आलं. कोणीतरी दोन केबल सोलून मधली तार तारेला पिळली होती, वरची जाळी जाळीला, आणि झालं. तांबं हिरवं पडलेलं, जाळीचा बोट लावलं की भुगा होत होता. एलएनबीला वीजही याच केबलमधून जाते, तेव्हा अशी पिळलेली गाठ सिग्नल खाते आणि वीजही. आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन चिकटपट्टी टिकू देत नाही, आणि तिला भेग पडली की जूनमध्ये पाणी आत. पूर्ण केबल नवी टाकली, आरजी-६, बिनजोडाची. एलएनबीपाशी केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी जोडात न शिरता झोळाच्या तळातून ठिबकतं. दोन मिनिटांचं काम, पण बहुतेक घरांत ते केलेलं नसतं.

छत्री कुठे हलवायची? अंगणात आग्नेयेच्या अंगाला न्हाणीघर होतं, सात फूट उंच, पक्का स्लॅब. माझ्या मते जागा उत्तम. पण त्याच्याही पुढे, आग्नेयेलाच, तो कडुनिंब. गुरुजी म्हणाले, "निंब तोडाले माणूस सांगून ठेवला हाय. परवा येते." मी म्हटलं, थांबा.

यवतमाळ जिल्ह्यातून जीसॅट-१५ उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे १४२ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला जरा दक्षिणेकडे, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर दिसतो. बुलढाण्याला तो ५९ अंश वर, गडचिरोलीला ६२ च्या आसपास. विदर्भभर मोठा फरक नाही. ६१ अंश म्हणजे डोक्यावरच्या आभाळाकडेच जास्त. पण छत्रीकडे पाहून ते वाटत नाही. ही छत्री तिरक्या घाटाची असते, तिचं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर ती बघत असते. त्यामुळे छत्रीचं तोंड थेट झाडात घुसल्यासारखं दिसतं आणि लोक कुऱ्हाड काढतात.

गुरुजींच्या कपाटात शाळेची कंपासपेटी होती. त्यातला कोनमापक घेतला, मध्यबिंदूला दोरा बांधला, दोऱ्याला एक नट लटकवला. न्हाणीच्या स्लॅबवर बसून कोनमापकाच्या सरळ कडेवरून गुरुजींनी स्वतः कडुनिंबाचा शेंडा धरला आणि मी दोरा वाचला. शेंडा ५० अंशांवर. उपग्रहाची नजर त्याच्याही ११ अंश वरून जात होती. गुरुजींनी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं, आणि तिथूनच त्या माणसाला फोन लावून येऊ नको म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी स्लॅबवर तीन पायांचं बूड अँकर बोल्टनं बसवलं, वर फक्त अडीच फुटांचा जाड पाइप. गवंड्याचा ओळंबा लावून तो दोन बाजूंनी उभा केला. पाइप ओळंब्यात नसेल तर छत्रीच्या मागच्या उंचीच्या खुणा खोट्या ठरतात. मोबाइलमधल्या होकायंत्रानं दिशा घेतली ती टिनापासून लांब, अंगणाच्या मध्यात उभं राहून, कारण लोखंडाजवळ तो वाटेल ते दाखवतो. सिग्नल सापडल्यावर घाई केली नाही. छत्री डावीकडे सारत नेली, क्वालिटी पाचनं उतरली तिथे पाइपावर खूण. उजवीकडे पाचनं उतरली तिथे दुसरी खूण. मग छत्री बरोबर मधोमध. वर-खाली तसंच. शेवटी एलएनबी. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाकडे तोंड केलं, तर आपल्या भागात ती डावीकडे, घड्याळाच्या उलट, सुमारे ३५ अंश फिरवावी लागते. इथली एलएनबी सरळ उभीच बसवलेली होती. ती हळूहळू फिरवताना आकडा ६६ वरून ७९ वर गेला. नट आवळताना छत्री कणभर सरकते, म्हणून आकड्यावर नजर ठेवून आलटून पालटून थोडे थोडे आवळले.

पाइपाला जमिनीपर्यंत अर्थिंगची तार दिली. कडकडायला लागलं की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढायचं, हे काकूंना प्रत्यक्ष करून दाखवलं. अर्थिंग आहे म्हणून हे टाळू नये.

जुना काड्यांचा अँटेना काढू का, असं मी विचारलं. गुरुजींनी नको म्हटलं.

वही चालू राहिली. जुलैअखेरपर्यंत वाऱ्याची एकही नोंद नाही. ऑगस्टमध्ये दोन: 'मुसळधार, ६ मिनिटे' आणि 'मुसळधार, ९ मिनिटे'. हा खरा पाऊस. या लहरींची लांबी पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास, दाट सर त्यांना शोषते आणि विखुरते, कोणतीही छत्री ते पूर्ण थांबवू शकत नाही. पुढे एका दिवशी गुरुजींनी विचारलं की गावात थेंब नाही आणि तरी दोन मिनिटं गेलं, ते का? पावसाचे ढग पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाण्यानं भरलेले धरले, तर ६१ अंशांची रेषा त्यांच्यातून आग्नेयेला तीन किलोमीटरच्या आतच बाहेर पडते. त्या पट्ट्यात सर कोसळत असेल तर घरावर ऊन असलं तरी चित्र जातं. आणि पश्चिमेला कितीही काळंभोर झालं तरी ते जात नाही. हे सांगितल्यापासून वहीत पावसाच्या दिशेचा एक नवा रकाना आला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी फोन. गुरुजींनी वाचून दाखवलं: "२ ऑक्टोबर, १० वाजून ५५ मिनिटं. कडक ऊन. वारा नाही. चित्र फुटलं, ३ मिनिटं. ३ ऑक्टोबर, तीच वेळ, २ मिनिटं. काऊन जी?"

मला इतका आनंद झाला की मी दुकानातून उठून बाहेर आलो. वर्षातून दोनदा, आपल्याकडे १२ मार्च आणि २ ऑक्टोबरच्या आगेमागे काही दिवस, सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. सूर्याचा स्वतःचा रेडिओ गोंगाट छत्रीत भरतो आणि सिग्नल त्यात बुडतो. मार्चमध्ये हे सव्वाअकराच्या सुमारास होतं, ऑक्टोबरमध्ये अकराला पाच कमी असताना. त्या घटकेला सूर्य जिथे आहे तिथेच उपग्रह. मी म्हटलं, "गुरुजी, उद्या त्याच वेळेला न्हाणीवर जा आणि निंबाची सावली छत्रीवर पडते का तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी फोन आला.

"सावली चार हात दूर हाय जी. वहीत लिवलं."